उत्पन्न घटल्यावर पोटगी कमी होते का?

न्यायालयाने ठरवलेली पोटगी दगडावरची रेघ नसते. देणाऱ्याची किंवा घेणारीची परिस्थिती बदलली तर रक्कम वाढते, कमी होते, क्वचित बंदही होते. पण बदलते ती न्यायालयाच्या नव्या हुकुमानेच. नोकरी सुटली म्हणून ती आपोआप कमी होत नाही, आणि वस्तीच्या बैठकीत चार ज्येष्ठांसमोर ठरले म्हणूनही नाही. आमच्याकडे येणारी बरीच प्रकरणे याच गैरसमजावर अडकलेली असतात.

समजा, पत्नीला 5000 आणि मुलीला 3000 असा दरमहा 8000 रुपयांचा हुकूम आहे. कंपनीने कंत्राटी कामगार कमी केले, पती नाक्यावर मजुरीला जाऊ लागला आणि 'आता एवढेच जमते' म्हणून 3000 देऊ लागला. दहा महिन्यांत त्याच्यावर 50,000 रुपयांची थकबाकी चढते. पुढे वसुलीचे वॉरंट निघते तेव्हा तो खरोखर अडचणीत होता हे कोणी नाकारत नाही, पण तोपर्यंतचा जुना हुकूम जिवंतच असतो. तुरुंगात जाऊन आले की थकबाकी फिटते, हाही भ्रमच. तुरुंगवास हा वसुलीचा मार्ग आहे, परतफेड नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच स्पष्ट केले आहे. म्हणून कमाई घटली की त्याच महिन्यात अर्ज करावा.

अर्ज कुठे? ज्या कायद्याखाली हुकूम झाला, त्याखाली आणि साधारणपणे त्याच न्यायालयात. हिंदू विवाह कायदा, 1955 बौद्धांनाही लागू आहे. नाव अनेकांना खटकते, आम्हालाही, पण कोर्टात आज तोच चालतो. त्यातील कलम 25 पत्नी किंवा पतीच्या कायम पोटगीचे आणि कलम 26 मुलांचे. दोन्हींत बदलाची सोय आहे. जुन्या फौजदारी संहितेतील कलम 125 ची जागा 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 ने घेतली. रकमेतील बदल कलम 146 खाली होतो. कौटुंबिक हिंसाचार कायद्यात हीच तरतूद कलम 25 मध्ये आहे.

आता मुख्य प्रश्न पुराव्याचा. रजनीश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना मिळकत, कर्ज आणि खर्चाचे शपथपत्र द्यावे लागते. कामावरून कमी केल्याचे पत्र, बँकेचे उतारे, भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी, आजारपणाची कागदपत्रे जोडावीत. हप्त्यावर गाडी घेतली म्हणून हातात कमी उरते, हे सहसा चालत नाही. पोटगी टाळायला मुद्दाम राजीनामा दिला असे दिसले, तर न्यायालय त्याची कमावण्याची क्षमता पाहते. धडधाकट पतीने अंगमेहनत करूनही पत्नी आणि अल्पवयीन मुलांना सांभाळले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटले. आमच्या अनुभवात खोटी घट दाखवणारे कमी नाहीत. पगार रोखीत घ्यायचा, दुकान भावाच्या नावावर करायचे! अशा वेळी पत्नीने नोटिशीला उत्तर न देता घरी बसणे सर्वांत महागात पडते. त्याचे खरे काम, राहणीमान, वाहन, यांची माहिती तिनेही शपथपत्रावर मांडावी.

कपात खरोखर करावी लागली तरी मुलांच्या रकमेला हात सगळ्यांत शेवटी लागावा, असे आम्हाला वाटते. बापाची नोकरी गेली म्हणून शाळेची फी थांबत नाही. समेट जरूर घडवा, पण दोघांच्या सह्यांनी तो न्यायालयात दाखल करून त्यावर हुकूम घ्या.

वकिलाच्या फीमुळे अर्ज लांबतो, आणि लांबलेला प्रत्येक महिना थकबाकीत जातो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न ठेवता मोफत वकील मिळतो. 1990 पासून अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांचाही त्यात समावेश होतो, म्हणजे जातीचा दाखला असेल तर पतीलाही हा हक्क आहे. तालुका किंवा जिल्हा न्यायालयातील विधी सेवा कार्यालयात जाताना मूळ हुकुमाची प्रत आणि आतापर्यंत भरलेल्या रकमांच्या पावत्या न्याव्यात. फोनवर विचारायचे असेल तर क्रमांक 15100.