प्रीमियर पद्मिनीचे पुढील सस्पेन्शन

प्रीमियर पद्मिनी ही मुंबईतील कुर्ला येथे तयार होणारी, फियाट ११०० वर आधारित मोटारगाडी होती. मुंबईत टॅक्सी म्हणून तिची सेवा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. तिची पुढील चाके विशबोन, कॉइल स्प्रिंग व किंगपिन यांच्या आधारे बसवलेली असत. वंगण कमी पडल्यास किंगपिन व त्याचे बुश झिजतात. झीज तपासण्यासाठी गाडी जॅकवर उचलून चाकाच्या वरच्या व खालच्या कडा धरून ते हलवतात. ब्रेक दाबल्यावरही ढिलेपणा कायम राहिल्यास दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये नसून सस्पेन्शनच्या सांध्यांत असतो. स्प्रिंग दाबाखाली असल्यामुळे ती आवळून न धरता खालचा विशबोन सोडवणे जीवघेणे ठरू शकते. झिजलेले भाग शक्यतो दोन्ही बाजूंचे एकाच वेळी बदलतात व त्यानंतर चाकांचे अलाइनमेंट करून घेतात.