पळसावरची लाख : एका किड्याची जुनी हकिकत



विळ्याची मूठ ढिली झाली की लोहार काय करायचा, ते जुन्या माणसांना आठवत असेल. मुठीच्या भोकात लाखेची भुकटी भरायची, विळ्याचं टोक तापवायचं आणि आत दाबायचं. लाख वितळायची, आणि थंड झाली की मूठ दगडासारखी घट्ट. सोनाराकडे पोकळ मणी मोडायला नेले तर तो आधी आतली लाख काढतो, मग तराजूत घालतो. ती लाख वजा होताना घरातल्या बायकांचा जीव कसा खालीवर होतो ते सांगायला नको! टपालाच्या पाकिटावर लाखेचा ठसा मारायचे, म्हणून अशा बंद पाकिटाला आपण लाखोटा म्हणतो. पायाला लावायचा अळता, लाखेच्या बांगड्या, सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवरचा चकचकीत रंग, या सगळ्यांत पूर्वापार लाखच.

इतकी घरोघरची वस्तू, पण ती डिंकासारखी झाडातून पाझरते असंच पुष्कळांना वाटतं. तसं नाही. लाख करतो तो एक किडा, आणि तोही एवढासा, की पिल्लू असताना अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. पळस, बोर आणि कोशिंब ही त्याची मुख्य झाडं. कोशिंबाला काही भागांत कुसुम म्हणतात. लाल रंगाची ही पिल्लं मुंगीच्या वारुळासारखी एकदम बाहेर पडतात, कोवळी फांदी शोधतात, तिच्यात सोंड खुपसतात आणि तिथंच बसतात. रस पितात आणि अंगाभोवती राळ सोडतात. शेजारी शेजारी हजारो बसलेले असतात, त्यामुळे सगळ्यांची राळ मिळून फांदीवर एक जाड साल चढते. हीच लाख. नर पुढे बाहेर येतो आणि थोड्याच दिवसांत मरतो. मादी मात्र एकदा बसली की बसली. त्या घरातच वाढते, तिथंच पिल्लांना जन्म देते, तिथंच मरते.

आपल्या देशात लाखेची माहिती फार जुनी आहे. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडात लाक्षेवर एक सूक्तच आहे. मार लागला, जखम झाली तर तिचा उपयोग सांगितला आहे. गंमत अशी, की ती कोणकोणत्या झाडांवरून येते तेही त्यात आहे : पिंपळ, खैर, वड, पळस अशी नावं येतात. म्हणजे झाडं ओळखणारी माणसं तेव्हाही रानात फिरत होती. महाभारतातलं लाक्षागृह तर सर्वांना ठाऊक आहे. लाख चटकन पेट घेते, हे दुर्योधनाला कुणीतरी सांगितलंच असणार.

पण हे करतं कोण, याचा नीट उलगडा व्हायला बराच काळ गेला. गोव्यात गार्सिया द ओर्ता नावाचे पोर्तुगीज वैद्य राहत होते. इकडच्या औषधांवरचं त्यांचं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. त्यात त्यांनी लाखेवर एक प्रकरण लिहिलं आणि सांगितलं, की पंखवाल्या मोठ्या मुंग्या झाडावर लाख करतात, मधमाश्या मध करतात तशी. आज वाचून हसू येईल. पण हसण्याआधी लाख लागलेल्या पळसाखाली उभं राहून बघा. फांद्यांवर मुंग्यांची रांग लागलेली असते. लाखेचा किडा गोड चिकट रस टाकतो, तो खायला मुंग्या येतात, आणि तो रस पानांवर पडून काळी बुरशीही धरते. ज्याला रांग दिसते आणि किडा दिसत नाही, तो मुंग्यांनाच कारागीर समजणार. ओर्तांनी निदान हे ओळखलं, की हे जिवाचं काम आहे, झाडाचं नव्हे.

त्यानंतर दोनशे वर्षांनी, १७८१ साली, पाटण्याकडे असलेल्या जेम्स कर यांनी या किड्याचं वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीकडे छापून आणलं. पिंपळ, वड, पळस आणि बोर ही झाडं त्यांनीही दिली. पुढे शास्त्रज्ञांनी किड्याचं नावच त्यांच्यावरून ठेवलं, ‘केरिया लॅक्का’. फांदी खुडणाऱ्या आणि बेणं बांधणाऱ्या ज्या रानातल्या माणसांना हा जीव कितीतरी आधीपासून माहीत होता, त्यांचं नाव कुठंच लागलं नाही. असो.

त्या काळात लाखेला मागणी होती ती मुख्यतः रंगासाठी. लाख कुटून पाण्यात धुतली की लाल पाणी निघतं. त्याचा रंग विलायतेला जायचा, कापड रंगवायला. १८५६ मध्ये पर्किन नावाच्या इंग्रज तरुणानं डांबरापासून कृत्रिम रंग काढला, आणि पुढच्या काही दशकांत लाखेच्या रंगाचा बाजार बसला. ज्या लाल पाण्यासाठी लाख धुवायची, तेच पाणी नाल्यात सोडून देऊ लागले. पीक बुडालं म्हणावं, तोवर राळेला भाव आला. धुतलेली दाणा लाख लांब कापडी पिशवीत भरायची, कोळशाच्या भट्टीसमोर पिळायची, आणि वितळलेली लाख कारागीर हात, पाय आणि दात लावून चादरीसारखी ताणायचा. त्याचे तुकडे म्हणजे चपडा. लाकडाच्या पॉलिशला तो जगभर जाऊ लागला.

मग आली ग्रामोफोनची तबकडी. १८९५ च्या सुमारास अमेरिकेत चपडा घालून तबकड्या होऊ लागल्या आणि १९०८ पासून कलकत्त्यातही त्या दाबल्या जाऊ लागल्या. म्हणजे चावडीवर कर्ण्यातून नाट्यगीत ऐकणाऱ्या आपल्या आजोबांना पत्ता नव्हता, की सुई फिरते आहे ती झाडावरच्या किड्यांच्या घरावर. १९४२ साली, महायुद्धात, अमेरिकेत चपड्याची अशी टंचाई झाली, की तबकड्यांसाठी तो वापरण्यावर बंधन आलं आणि लोकांकडून जुन्या तबकड्या गोळा केल्या. १९४८ नंतर प्लास्टिकच्या तबकड्या आल्या आणि हाही बाजार हळूहळू गेला. आज लाख जाते ती औषधाच्या गोळ्यांवरच्या लेपाला, फळांना चकाकी द्यायला, पॉलिशला.

बाजाराचं हे असं, कधी वर कधी खाली. ते आपल्या हातात नाही. पण लाखेचं पीक जिथं जिथं मोडलं, तिथं नेहमी बाजारामुळेच मोडलं असं नाही. भाव चढला तेव्हाही मोडलं, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

पळसावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात बेणं बांधलं की ते पीक जून-जुलैत पिकतं. त्याला बैसाखी म्हणतात. जून-जुलैत बांधलेलं ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतं, ते कातकी. बैसाखीचं पीक मोठं असतं, पण त्याच्या वाटेत अख्खा उन्हाळा. पळसाची पानं गळतात, फांदी उघडी पडते, उन्हानं किडा मरतो. आणि जो उरतो त्याला चोर! रानातल्या झाडावरची लाख रात्रीतून कापून न्यायला काय लागतं? शिवाय मे महिन्यात घरात पैसा नसतो. म्हणून माणसं एप्रिल-मे मध्येच, पिल्लं बाहेर पडायच्या आधी, सगळी लाख कापून विकतात. या कच्च्या लाखेला व्यापारी ‘अरी’ म्हणतात. पैसे मिळतात, पण जुलैला झाडावर बांधायला बेणं राहत नाही. भाव चांगला असेल त्या वर्षी कापणी अधिकच जोरात, आणि पुढच्या वर्षी झाडं रिकामी.

उसाचं सगळं बेणं गुऱ्हाळात घालणाऱ्याला आपण वेडा म्हणू. पण लाखेच्या शेतकऱ्याला मी वेडा म्हणणार नाही. मे महिन्यातली त्याची अडचण खरी आहे.

१९२१ मध्ये लिंडसे आणि हार्लो यांनी लाखेच्या धंद्याची पाहणी केली. त्यानंतर १९२४ साली रांचीजवळ नामकुमला लाखेची संशोधन संस्था उभी राहिली. नाव पुढे बदललं, पण संस्था तिथंच आहे. तिथल्या शिकवणीतली मोठी गोष्ट तशी साधी : सगळ्या झाडांवर एकदम पीक घेऊ नका. झाडांचे वाटे पाडा. एका वाट्यावर पीक असताना दुसऱ्याला विश्रांती द्या, छाटणीनं त्याला कोवळ्या फांद्या येऊ द्या, कारण जून फांदीत सोंड शिरत नाही. अडचणीला काही झाडं कच्ची कापायची असतील तर कापा, पण बेण्याची झाडं आधीच ठरवून घ्या. ती घराजवळची, नजरेतली आणि सावलीची असावीत, आणि त्यांना जुलैपर्यंत कोयता लावू नये.

गोंदिया, गडचिरोलीकडच्या ज्या बांधवांच्या बांधावर पळस आहे, त्यांना हे लागू पडेल. बेणं कधी कापायचं हे किडाच सांगतो. मादीच्या घरावर पिवळा ठिपका दिसू लागला की पिल्लं निघायला साधारण आठवडा उरला. तेव्हा कापावं आणि निरोगी तेवढ्या काड्या निवडून कोवळ्या फांद्यांना लांबीभर टेकतील अशा बांधाव्यात. जाळीच्या पिशवीत घालून बांधल्या तर पिल्लू बाहेर येतं आणि लाख खाणाऱ्या पतंगाची अळी आतच अडकते.

पिल्लं निघून गेल्यावर जी रिकामी काडी उरते तिला फुंकी म्हणतात. ती दोन-तीन आठवड्यांत झाडावरून उतरवावी. तिच्यातही विकण्याजोगी लाख असते, म्हणून घरी आणून लगेच खरवडून घ्यावी. तशीच कोपऱ्यात टाकली तर तिच्यातले पतंग निघतात आणि पुन्हा त्याच पळसावर जातात.