फौज मोजणारा माणूस

सोलापूर रस्त्याने पुण्याबाहेर पडलं की हडपसर लागतं, मग कदमवाकवस्ती आणि लोणी काळभोर. आता इथे तेल कंपन्यांचे डेपो आहेत आणि टँकरच्या रांगा. ऑक्टोबर १८०२ मध्ये याच पट्ट्यात, लोणी आणि हडपसरच्या दरम्यान, यशवंतराव होळकरांचा तळ पडला होता. २५ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, त्यांनी पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेचा धुव्वा उडवला. दुसरा बाजीराव सिंहगडाकडे निघून गेला, तिथून कोकणात उतरला, आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी वसईला त्याने इंग्रजांशी तह केला.

या लढाईबद्दल बोलताना कवायती पलटणी, तोफा, गोरे सेनानी यांचीच चर्चा होते. मला खुपते ती वेगळी गोष्ट. समोरासमोर ठाकलेल्या दोन्ही फौजा कागदोपत्री एकाच दौलतीच्या होत्या. दोन्हींच्या खर्चासाठी त्या दौलतीचाच मुलूख सरंजाम म्हणून लावून दिलेला होता. त्या बदल्यात किती स्वार बाळगायचे, कधी हजर व्हायचं, हे ठरलेलं होतं. ठरल्याप्रमाणे स्वार आहेत का, त्यांच्या हातात पगार पडतो का, ते कोणाच्या कामाला निघाले आहेत, हे पुण्यात बसून विचारेल आणि ज्याला उत्तर दिल्यावाचून सरदाराची सुटका नाही, असा माणूस तोवर उरला नव्हता. त्या माणसाची ही कुळकथा. कधी तो सबनीस होता, कधी मुजुमदार, कधी फडणीस. आज त्याला लेखापरीक्षक म्हणतात. त्याचं काम फौज मोजायचं, आणि मोजलेलं खरं सांगायचं.

फौजेच्या पैशावर डल्ला कसा मारतात, हे राज्यकर्त्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कौटिल्याने सरकारी पैसा खाण्याचे चाळीस प्रकार नोंदवून ठेवले. फौजेतला सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे नसलेला शिपाई. शंभर स्वारांचा पगार उचलायचा आणि चाळीस ठेवायचे. मोजणीचा दिवस आला की शेजारच्या पथकाचे घोडे उसने आणायचे, घरच्या मोतद्दाराला कमरबंद बांधून स्वार म्हणून उभा करायचा, आणि मोजणी उरकली की ज्याचं त्याला परत. अकबराच्या दरबारातल्या बदायुनीने मनसबदारांच्या अशा लबाड्यांविषयी कडवटपणे लिहिलं आहे. मैदानात गेल्यावर ही खोगीरभरती उघडी पडायची, पण तोवर लढाई हातची गेलेली असायची.

यावरचा उपाय चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला अलाउद्दीन खिलजीने सरसकट लागू केला: घोड्याला डाग आणि माणसाचा चेहरा. शेरशहाने तो पुन्हा सुरू केला आणि अकबराने १५७३-७४ च्या सुमारास मनसबदारांवर सक्तीचा केला. डाग म्हणजे तापलेल्या लोखंडाने घोड्याच्या अंगावर उमटवलेली खूण. एकदा उमटली की तो घोडा दुसऱ्याच्या नावावर दाखवता येत नाही. चेहरा लिहिण्याचं काम जास्त बारकाईचं. लिहिणारा कारकून स्वाराला समोर उभा करतो, त्याचं नाव, बापाचं नाव, गाव विचारतो, मग नीट न्याहाळतो: वर्ण गव्हाळ, डाव्या भुवईवर जुना व्रण, कानाची पाळी फाटलेली. खाली घोड्याची ओळ येते: रंग कुमाइत की अबलख, कपाळावर टिळा आहे का, चारही पाय पांढरे असून पंचकल्याणी ठरतो का. पुढच्या मोजणीला हाच कागद हातात घेऊन माणूस आणि जनावर दोन्ही पडताळायचं. छायाचित्र, अंगठ्याचा ठसा यांच्या कितीतरी आधीची ही ओळखपत्रं. पण यात एक पळवाट होतीच. कारकुनाची भाकर सरदाराच्या पंगतीतून येत असेल, तर व्रण कुठल्याही भुवईवर लिहिता येतो.

शिवाजी महाराजांनी नेमका हा धागा पकडला असं मला वाटतं. सभासद बखर १६९७ च्या सुमारास लिहिली गेली. तिच्यात फौजेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर, म्हणजे सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर, एक हवालदार, त्यांच्या दिमतीला एक पखालजी आणि एक नालबंद; पाच हवालदारांवर जुमलेदार; दहा जुमल्यांवर हजारी. आणि जुमलेदाराच्या जोडीला मुजुमदार, म्हणजे हिशेब पाहणारा. लढवणारा आणि मोजणारा एकाच तंबूत, पण एकमेकांचे चाकर नव्हेत. किल्ल्यावरही तेच: हवालदार, सरनोबत, सबनीस, कारखानीस. किल्ल्या एकाकडे, हजेरीपट दुसऱ्याकडे, कोठार तिसऱ्याकडे. एकट्याच्या मनात आलं म्हणून ना गड शत्रूला देता येत होता, ना कोठारातलं धान्य विकता येत होतं.

मोहिमेची मोजणी तर याहून कडक. दसऱ्याला लष्कर बाहेर पडायचं, तेव्हा प्रत्येक माणसाच्या जवळच्या चीजवस्तूंची यादी व्हायची. पावसाळ्याच्या तोंडाशी लष्कर परतलं की सरहद्दीवरच झडती. यादीपेक्षा जे जास्त सापडेल ते सरकारजमा, नाहीतर पगारातून वळतं. लूट ही शिपायाची बक्षिसी असते हे त्या काळातलं जगभरचं गृहीतक; इथे मात्र ती राज्याची जमा आहे असं ठरवून तिचा पै-पैचा हिशेब मागितला जात होता.

चिपळूणजवळ हलवर्ण इथे छावणीला असलेल्या घोडदळाला महाराजांनी पाठवलेलं पत्र बऱ्याच जणांना माहीत असतं ते रयतेवर जुलूम करू नका, या आशयाच्या ताकिदीमुळे. पण ते पत्र मुळात कोठाराच्या हिशेबाचं आहे. पावसाळ्यासाठी दाणा आणि गवत साठवून ठेवलं आहे, ते आधीच उधळलंत तर भर पावसात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल आणि लोक म्हणतील याहून मोगल बरे. गवताच्या गंजीजवळ दिवा ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, इथवर बारकावे त्यात आहेत. रयतेची लूट कोठाराच्या ढिसाळपणातून सुरू होते, ही कारणपरंपरा त्या पत्रात स्वच्छ मांडली आहे. लष्करी खर्चाच्या शिस्तीवर मराठीत याहून नेमका मजकूर माझ्या वाचनात नाही.

त्यानंतर चाळीसेक वर्षांनी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखान्याची व्यवस्था येते. दारूची कोठी वस्तीपासून दूर असावी. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः जाऊन दारू, बाण बाहेर काढावेत, ऊन द्यावं आणि पुन्हा मोहर करून ठेवावेत. हे ऊन देणं महत्त्वाचं. किती आहे एवढंच विचारून भागत नाही, आहे ते पेटेल का, हेही पाहावं लागतं. वहीत शंभर मण दारू आणि कोठीत शंभर मण ओलसर भुकटी, हा फरक वेढा पडल्यावर कळून उपयोग नसतो.

या सगळ्याच्या मुळाशी एक व्यवहार होता: महाराज फौजेला रोख पगार देत. औरंगजेबाच्या स्वारीत, छत्रपती राजारामांच्या काळात, तिजोरीत रोख उरलीच नाही. मग सरदारांना मुलूख तोडून द्यावा लागला. राज्य टिकलं ते त्यामुळे, हे नाकारता येत नाही. पण पैसा सरदाराच्या हातून जाऊ लागला आणि मोजणाराही हळूहळू सरदाराच्या ओसरीवर गेला.

पेशव्यांना हे कळत होतं, म्हणून त्यांनी दरकदार नेमले: दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, चिटणीस, पोतनीस, कारखानीस, जामदार. ही पदं बहुधा वंशपरंपरेने चालत आणि ज्याच्या हाताखाली काम करायचं त्या अंमलदाराला दरकदाराला काढून टाकता येत नसे. ही नावं आज आपल्या शेजारपाजारची आडनावं झाली आहेत. त्या काळी ती सत्तेला घातलेली वेसण होती. सरंजामी सरदारांकडेही हुजुरातून माणसं जात. राणोजी शिंद्यांकडे रामचंद्रबाबा शेणवी, मल्हारराव होळकरांकडे गंगाधर यशवंत चंद्रचूड. मोहिमेच्या आधी नालबंदीची उचल किती दिली, रोजमुरा म्हणजे पगार किती वाटला, हजर स्वार किती, हे सगळं लिहून पुण्याला पोचवायचं. गडांच्या झाडत्या व्हायच्या: तोफा, गोळे, दारू, गल्ला, कढया-पातेल्यांसकट. नाना फडणीसांच्या काळात हुजूर दप्तरात दोनशेच्या आसपास कारकून हे कागद जुळवत बसत.

व्यवस्था निर्दोष नव्हती. वंशपरंपरेने पद मिळालं की माणूस निर्भय होतो, तसा निर्ढावतोही. मालेराव होळकर वारल्यावर याच गंगाधर यशवंतांनी राघोबादादांशी संधान बांधून अहिल्याबाईंच्या हातून दौलत काढून घेण्याचा घाट घातला. अहिल्याबाईंनी तो हाणून पाडला. पहारेकऱ्यावर पहारा कोणाचा, हा प्रश्न त्या वेळीही होता.

लोणीहून थेऊर अगदी जवळ. तिथे चिंतामणीच्या सान्निध्यात १८ नोव्हेंबर १७७२ ला थोरले माधवराव गेले. अखेरच्या आजारात त्यांनी आपल्यामागे काय करावं याची कलमं लिहवून घेतली, त्यात राज्यावरचं कर्ज फेडण्याचं कलम होतं. हे कर्ज मुख्यतः फौजेचं. पानिपतानंतरच्या मोहिमा सावकारांच्या पैशावर लढल्या गेल्या होत्या. सत्ताविसाव्या वर्षी मरणाच्या दारात असलेला राज्यकर्ता देण्याची आठवण करून देतो, ही गोष्ट थेऊरला जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितली जावी असं मला मनापासून वाटतं.

१३ मार्च १८०० ला नाना फडणीस वारले आणि दप्तराचा धाक संपला. अडीच वर्षांत लोणी-हडपसरच्या माळावर त्याचं फळ दिसलं. वसईच्या तहाने बाजीरावाने सहा हजारांची कंपनीची पायदळ फौज पदरी घेतली आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. १८१७ च्या पुण्याच्या तहात पाच हजार स्वार आणि तीन हजार पायदळासाठी आणखी ३४ लाखांचा मुलूख गेला. पैसा पेशव्याचा, हुकूम कंपनीचा, आणि हजेरीपटही कंपनीचाच.

पुढची ऐंशी वर्षं देशभर हेच चाललं. हिंदुस्थानच्या कराच्या पैशातून फौज पोसायची आणि ती साम्राज्याच्या कामाला परदेशी धाडायची. याचा हिशेब मागायला १८९७ मध्ये पुण्याचा एक प्राध्यापक लंडनला गेला. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा ३० वर्षांचे होते. डेक्कन सभेच्या वतीने, हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. आकड्यांची तयारी गणेश व्यंकटेश जोशींनी करून दिली होती, मागे न्यायमूर्ती रानडे उभे होते. सरहद्दीपलीकडच्या लढायांचा खर्च हिंदी रयतेवर टाकू नका, हे गोखल्यांनी सरकारी जमाखर्चातूनच दाखवून दिलं. १९०२ पासून कलकत्त्याच्या विधिमंडळात ते दर अंदाजपत्रकाला लष्करी खर्चावर बोट ठेवत राहिले. मत द्यायचा अधिकार मात्र नव्हता. १९१९ च्या कायद्यानंतरही संरक्षणाचा खर्च विधिमंडळाच्या मताबाहेरच राहिला.

तो अधिकार मिळाला स्वातंत्र्यानंतर. संविधानाच्या १४८ व्या अनुच्छेदाने नियंत्रक व महालेखापरीक्षक हे पद निर्माण केलं. त्याला सरकार सहजी काढू शकत नाही, आणि १५१ व्या अनुच्छेदाप्रमाणे त्याचे अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढे ठेवावे लागतात. दरकदाराचं अभय त्याला आहे. वंशपरंपरेचा दोष तेवढा काढून टाकला आहे. त्याच्या अलीकडे, खात्याच्या आत, संरक्षण लेखा विभाग आहे. भूदलाच्या अधिकाऱ्यांच्या पगाराचा हिशेब आजही पुण्यात, गोळीबार मैदानाजवळच्या कार्यालयात ठेवला जातो.

अहवाल संसदेपुढे गेला म्हणजे काम झालं असं मात्र नाही. १९४८ मध्ये लंडनहून दोन हजार जीप खरेदी करण्याचा सौदा झाला. पोचल्या त्या १५५, आणि त्याही वापरण्याजोग्या नव्हत्या. संसदेच्या लोकलेखा समितीने ताशेरे ओढले, पण १९५५ मध्ये सरकारने प्रकरण बंद झाल्याचं जाहीर केलं. १९६७ पासून या समितीचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा पायंडा पडला, तो म्हणूनच मोलाचा.

आता गोपनीयतेबद्दल. फेब्रुवारी २०१९ मध्ये राफेल विमानांच्या खरेदीचा अहवाल संसदेत आला तेव्हा किमतीचे आकडे झाकलेले होते. शत्रूला कळू नये म्हणून, हे कारण दिलं जातं, आणि ते प्रत्येक वेळी खोटं नसतं. पण याच दशकातला दुसरा एक अहवाल समोर ठेवावा. २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये महालेखापरीक्षकांनी भूदलाचा दारूगोळा मोजला. साठा ४० दिवसांच्या घनघोर युद्धाला पुरायला हवा. सप्टेंबर २०१६ ला तपासलेल्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकार दहा दिवसही पुरले नसते. हे उघडपणे छापलं गेलं तेव्हा बरेच जण संतापले, शत्रूला कोठार दाखवलंत म्हणाले. पण कोठार रिकामं आहे हे आतल्यांना वर्षानुवर्षं ठाऊक होतं आणि तेवढ्याने ते भरलं नव्हतं. पहिल्या अहवालानंतर दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, तातडीचा दारूगोळा आणि सुटे भाग थेट विकत घेण्याचे आर्थिक अधिकार भूदलाच्या उपप्रमुखांना देण्यात आले.