संगणकावरील नेमबाजी आणि एका खेळाचें दीर्घायुष्य

करमणुकीच्या साधनांचा इतिहास लिहिण्याचा प्रघात आपल्याकडे फारसा नाहीं. गंजिफा किंवा सोंगट्या यांविषयीं कोणीं चार पानें लिहिलीं तर तीं संस्कृतीच्या नांवावर खपून जातात. परंतु ज्या खेळांपायीं आज घरोघरचीं मुलें, आणि खरें बोलावयाचें तर कित्येक बापही, रात्री जागवितात त्यांचा निकाल 'वेळेचा अपव्यय' एवढ्या दोन शब्दांत लागतो. संगणकावरील नेमबाजीचे खेळ, ज्यांस सरसकट 'शूटर' म्हणतात, हे या उपेक्षेस विशेष पात्र ठरले आहेत. वस्तुतः गेल्या तीस वर्षांत या खेळांनीं एका मोठ्या यंत्रविद्येचें पोषण केलें, आणि एका मोठ्या धंद्यास प्रथम उदारपणाची व पुढें कृपणपणाची संवय लावली.

दोन तारखा शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्या. १० डिसेंबर १९९३ रोजीं अमेरिकेंत 'डूम' हा खेळ प्रसिद्ध झाला. तो आजही खेळला जातो. २३ ऑगस्ट २०२४ रोजीं सोनी कंपनीनें 'कॉनकॉर्ड' हा नेमबाजीचा खेळ विक्रीस काढला. ६ सप्टेंबर रोजीं, म्हणजे अवघ्या दोन आठवड्यांत, तो बंद करण्यांत आला. चित्रांच्या झगमगाटांत दुसऱ्यापुढें पहिला म्हणजे पाटीवर खडूनें काढलेली आकृति. मग अल्पायुषी दुसरा कां ठरावा? गिऱ्हाईक मिळालें नाहीं, हें उत्तर खरें असलें तरी अपुरें आहे. न खपलेलें पुस्तक दुकानांतून जातें. ज्यानें तें विकत घेतलें त्याच्या कपाटांतून कोणी उचलून नेत नाहीं. हा फरक कोठून उत्पन्न झाला हें समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे.

'डूम'चे कर्ते म्हणजे 'आयडी सॉफ्टवेअर' हें एक लहानसें मंडळ. जॉन कार्मॅक, जॉन रोमेरो, टॉम हॉल आणि एड्रियन कार्मॅक या चौघांनीं तें १९९१ सालीं स्थापिलें. (दोघे कार्मॅक हे एकमेकांचे कोणी लागत नव्हते.) त्यापूर्वीं हे चौघेही लुइझियाना प्रांतांतील श्रीव्हपोर्ट गांवीं, तबकड्यांवर मासिकें काढणाऱ्या एका कंपनींत नोकरीस होते. ५ मे १९९२ रोजीं त्यांचा 'वोल्फेन्स्टाइन थ्री-डी' निघाला. खेळणाराच्या डोळ्यांस जें दिसेल तेवढेंच पडद्यावर दाखवावयाचें, ही कल्पना कांहीं त्यांची नव्हे. १९७० नंतरच्या दशकांत 'मेझ वॉर' नांवाच्या खेळांत ती आढळते. परंतु घरगुती संगणकावर ती वेगानें धांवविण्याचें श्रेय मात्र त्यांचेंच.

त्या काळचा घरगुती संगणक म्हणजे ३८६ किंवा ४८६ जातीचा प्रोसेसर आणि ४ मेगाबाइट स्मृति. एवढ्या भांडवलावर त्रिमिति देखावा सेकंदास पसतीस वेळांपर्यंत नव्यानें रंगवावयाचा. कार्मॅक यानें यावर काढलेली तोड मोठी मौजेची आहे. 'डूम'च्या जगांत भिंती सर्वत्र उभ्या, जमिनी सर्वत्र सपाट, आणि खोलीवर खोली कोठेंही नाहीं. भिंतीची एक उभी पट्टी घेतली कीं तिच्यावरील सर्व बिंदूंची खोली सारखीच. म्हणून अंतराचा भागाकार पट्टीमागें एकदां केला कीं पुरे. शिवाय कोणती भिंत कोणत्या भिंतीस झांकते याचा हिशेब खेळ चालू असतां करीत बसावयाचें नाहीं. नकाशाचे तुकडे आधींच पाडून त्यांची वंशवृक्षासारखी मांडणी करून ठेवावयाची. ही युक्ति फुक्स, केडेम व नेलर या तिघां विद्वानांनीं १९८० सालींच प्रसिद्ध केली होती; ती करमणुकीच्या कामीं लावण्यास तेरा वर्षें जावीं लागलीं. हातीं असलेल्या तुळईची लांबी पाहून घराचे खण ठरविणाऱ्या जुन्या सुताराचें शहाणपण या रचनेंत आहे, आणि म्हणूनच तिच्याविषयीं आम्हांस आदर वाटतो.

विक्रीची रीतिही विलक्षण होती. खेळाचा पहिला भाग फुकट. त्याच्या नकला कराव्या आणि खुशाल वांटाव्या. पुढील भाग हवे असतील त्यानें पैसे पाठवावे. कीर्तन आधीं ऐकावें आणि ताट मागाहून फिरावें, असाच हा व्यवहार. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संगणकावर पहिला भाग ठेवावयाचा होता, तेव्हां तेथें वाट पाहणारांची एवढी दाटी झाली कीं खुद्द खेळ चढविण्यासच जागा मिळेना. याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं खेळाचें यंत्र एकीकडे आणि त्यांतील नकाशे, चित्रें व आवाज दुसऱ्या फाइलींत, अशी फोड कर्त्यांनीं बुद्धिपुरस्सर केली. त्यामुळें कोणाही हौशी मनुष्यास स्वतःचे नकाशे रचतां येऊं लागले. १९९६ सालीं निघालेल्या 'फायनल डूम' या संचाचे नकाशे तर अशा हौशी मंडळींच्या हातचेच होते, आणि कंपनीनें ते विकत घेऊन विकले.

रक्तपाताचा आक्षेप येथें पुढें येणारच. 'डूम' निघण्याच्या आदल्याच दिवशीं अमेरिकेच्या सेनेटांत संगणकीय खेळांतील हिंसेवर सुनावणी झाली होती, आणि १९९४ सालीं धंद्यानें स्वतःच खेळांस वयोमानाप्रमाणें शिक्के मारणारें मंडळ नेमलें. हा वाद स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आम्हांस रक्तमांसाचा सडा रुचत नाहीं, एवढें सांगून पुढें जातों.

२२ जून १९९६ रोजीं 'क्वेक' आला आणि खेळाचा मोहरा यंत्रबाजाराकडे वळला. येथें खोलीवर खोली आली, राक्षसही खऱ्या त्रिमिति आकाराचे झाले; अर्थात् 'डूम'मधील काटकसर सुटली. मायकेल अॅब्रॅश या निष्णात गणकाच्या साहाय्यानें कार्मॅकनें नवी तोड काढली: सूक्ष्म भागाकार दर सोळा बिंदूंस एकदांच करावयाचा, आणि तो चालू असतां प्रोसेसरकडून दुसरीं कामें उरकून घ्यावयाचीं. इंटेलच्या पेंटियमला हें साधत असे. सायरिक्स कंपनीचे स्वस्त प्रोसेसर लेखन-हिशेबांच्या कामांत पेंटियमची बरोबरी करीत, पण अपूर्णांकांचें गणित करण्यांत ते दुबळे. 'क्वेक'मध्यें त्यांची फजिती उघडी पडली. एका खेळानें एका प्रोसेसरची अब्रू घालवावी, असें यापूर्वीं क्वचितच घडलें असेल.

त्याच वर्षीं 'थ्रीडीएफएक्स' या कंपनीचें 'वूडू' नांवाचें ग्राफिक्स कार्ड बाजारांत आलें. तें केवळ त्रिमिति चित्रेंच काढी. साध्या चित्रांसाठीं संगणकांत दुसरें कार्ड लागे तें लागेच. जानेवारी १९९७ मध्यें या जातीच्या कार्डांसाठीं 'क्वेक'ची खास आवृत्ति निघाली, आणि ज्यांनीं ३२० गुणिले २०० बिंदूंच्या पडद्यावर ठोकळेवजा भिंती पाहिल्या होत्या त्यांस ६४० गुणिले ४८० बिंदूंत गुळगुळीत भिंती व पारदर्शक पाणी दिसूं लागलें. कार्डांचा खप वाढला. (आम्हांस विचाराल तर त्या खडबडीत चित्रांत जी भुयारी उदासी होती ती या गुळगुळीतपणांत थोडी हरवलीच.) कार्डासाठीं संगणकांत जो स्वतंत्र 'एजीपी' मार्ग पुढें ठेवण्यांत आला, त्याच्या शोधकांत इंटेलमधील अजय भट्ट यांचें नांव येतें; त्यांचें शिक्षण बडोद्यास, सयाजीराव महाराजांच्या नांवानें चालणाऱ्या विद्यापीठांत झालें, हें वाचकांस ऐकून संतोष होईल.

पुढील भाऊबंदकी थोडक्यांत सांगतों. १९९३ सालीं निघालेल्या एनव्हिडिया कंपनीचें १९९५ चें पहिलें कार्ड साफ पडलें. सारें जग त्रिकोणांनीं चित्र बांधीत असतां तिनें वक्र पृष्ठभागांची कास धरली होती. ती चूक तिनें लौकर सुधारली. थ्रीडीएफएक्सनें मात्र कार्डें बांधणारा एक कारखाना विकत घेऊन, आजवर आपलीं गिऱ्हाइकें असलेल्या इतर कारखानदारांस दुखविलें. १९९९ सालीं एनव्हिडियाचें 'जीफोर्स २५६' आलें, आणि डिसेंबर २००० मध्यें थ्रीडीएफएक्सची मालमत्ता एनव्हिडियानेंच घेण्याचें ठरलें. २०१२ सालीं टोरोंटो येथील संशोधकांनीं चित्रें ओळखणारें 'अॅलेक्सनेट' हें प्रसिद्ध जाळें एनव्हिडियाच्या दोन खेळाच्या कार्डांवरच शिकविलें. आज कृत्रिम बुद्धीचा जो बोलबाला आहे, त्याच्या भट्टींतलें पहिलें सरपण नेमबाजी करणाऱ्या पोरांच्या पैशांतून आलें आहे.

चित्रांच्या या चढाओढीचें टोंक म्हणजे २००७ सालचा 'क्रायसिस'. जर्मनींतील क्रायटेक कंपनीनें तो असा रचला कीं त्या वेळच्या उत्तम संगणकासही धाप लागे. 'क्रायसिस चालतो काय?' हा प्रश्न नवा संगणक घेणारांत थट्टेचा विषय झाला. पण ज्या खेळांनीं लोकांच्या मनांत घर केलें ते बहुधा चित्रांच्या बळावर नव्हे. 'हाफ-लाइफ' हा १९९८ चा खेळ 'क्वेक'चें यंत्र परवान्यानें घेऊनच व्हॉल्व्ह कंपनीनें बांधला. त्यांतील नवेपणा गोष्ट सांगण्याच्या हातोटींत होता. त्याच्यावर मिन्ह ले व जेस क्लिफ या दोन तरुणांनीं हौसेखातर १९९९ सालीं 'काउंटर-स्ट्राइक' रचला, आणि पुढच्याच वर्षीं व्हॉल्व्हनें तो आपल्या नांवानें विक्रीस आणला. २००० नंतरच्या दशकांत पुण्यामुंबईच्या सायबर कॅफेंत व अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वसतिगृहांत हाच खेळ चाले. कारण जुन्यापुराण्या संगणकांवरही तो धांवे, आणि चार तारा जोडल्या कीं खोल्याखोल्यांत सामना सुरू होई. त्यास परदेशच्या कोणा सेवकयंत्राची परवानगी लागत नसे.

ती परवानगी पुढें आली. २००३ सालीं व्हॉल्व्हनें 'स्टीम' हें आपलें दुकान उघडलें, आणि २००४ चा 'हाफ-लाइफ २' तर तबकडी विकत घेऊनही स्टीमवर नोंद केल्यावांचून चालेना. सोय पुष्कळ झाली आणि चोरीस आळा बसला, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु विकत घेणें आणि वापरण्याची मुभा मिळविणें यांतील भेद त्या दिवसापासून पुसट झाला. इकडे चित्रांच्या हव्यासानें खर्च वाढत गेला. चौघांच्या मंडळाच्या जागीं शेंकडों माणसांचे कारखाने आले, आणि लहान मासे मोठ्यांच्या पोटांत गेले. आयडी सॉफ्टवेअर २००९ सालीं झेनिमॅक्सकडे व २०२१ सालीं झेनिमॅक्ससह मायक्रोसॉफ्टकडे गेलें. २०२३ सालीं मायक्रोसॉफ्टनें अॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही कंपनी सुमारें ६९ अब्ज डॉलरांस घेतली. एवढें भांडवल गुंतल्यावर पहिला भाग फुकट वांटण्याचें धाडस कोणी करीत नाहीं. कोठें फुकट प्रवेश असलाच तर नळाची चावी कंपनीच्या हातीं असते.

'कॉनकॉर्ड'चें असेंच झालें. त्याचे सामने कंपनीच्या सेवकयंत्रांवरच चालत. तीं बंद होतांच विकत घेतलेली प्रत निर्जीव झाली. सोनीनें पैसे परत केले, हें तिच्या पदरीं घातलें पाहिजे. पण कांहीं वर्षांच्या मेहनतीनें रंगविलेलें तें सर्व जग, चांगलें असो वा वाईट, आज कोणास पाहावयाचें असेल तर वाट नाहीं. ऑक्टोबर २०२४ मध्यें तो रचणारी संस्थाही बंद झाली. यंत्रें चालू ठेवण्यास खर्च येतो, ही कंपन्यांची सबब वाजवी आहे. पण आपली यंत्रें बंद करतांना ती जुळवणी खेळणारांच्या हवालीं करण्यास काय हरकत असावी, याचें समाधानकारक उत्तर आमच्या वाचनांत आलेलें नाहीं. नेमबाजीच्या खेळांचा इतिहास लिहिणारास २०२४ सालचें साधन मिळूं नये आणि १९९३ सालचें मिळावें, ही स्थिति चमत्कारिक खरी.

'डूम'च्या बाबतींत कर्त्यांनीं हा प्रश्न डिसेंबर १९९७ मध्येंच मिटवून टाकला. खेळाच्या यंत्राची संपूर्ण लिखित संहिता त्यांनीं लोकांस खुली केली. १९९९ सालीं 'क्वेक'चीही केली. चित्रें व नकाशे यांवरील हक्क त्यांनीं राखून ठेवला, तेव्हां हौशी मंडळींनीं 'फ्रीडूम' नांवानें नवीं चित्रें व नवे नकाशे तयार केले. खुल्या झालेल्या संहितेवरून तो खेळ मग गणकयंत्रांवर चढला, खिशांतील दूरध्वनींवर चढला. २०१४ सालीं कॅनन कंपनीच्या एका छपाईयंत्राची कुलुपें किती कच्चीं आहेत हें दाखविण्यासाठीं एका संशोधकानें त्या यंत्राच्या इवल्याशा पडद्यावर 'डूम' चालवून दाखविला. त्यासाठीं कोणाच्या सेवकयंत्रावर नोंद करण्याचें त्यास कारण पडलें नाहीं.