वाचनाची पहिली पायरी : कानांनी ओळखायचे ध्वनी

अक्षरओळख झाली की वाचन आलेच, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. त्यामुळे बाराखडी घडाघडा म्हणणारे मूल पहिली-दुसरीत साध्या शब्दांशी अडखळू लागले, की ते ‘ढ’ किंवा आळशी ठरते आणि त्याला पुन्हा बाराखडीच गिरवायला बसवले जाते. अनेकदा ही अडचण नजरेची वा स्मरणशक्तीची नसते. आपण बोलतो तो शब्द लहान लहान ध्वनींचा बनलेला आहे, हेच त्याच्या ध्यानात आलेले नसते. ते ध्यानात येणे म्हणजेच ध्वनिजाणीव.

ध्वनिजाणीव म्हणजे काय?

शब्दाचा अर्थ क्षणभर बाजूला ठेवून केवळ त्याचा नाद ऐकणे, हे या कौशल्याचे सार आहे. त्याच्या पायऱ्या आहेत. ‘गाणी’ आणि ‘पाणी’ यांचे यमक जुळते, हे मुलाला आधी कळते. मग ‘बादली’ हा शब्द ‘बाद-ली’ असा दोन टाळ्यांत मोडता येतो. शेवटची पायरी सर्वांत अवघड. ‘मासा’ या शब्दात म्, आ, स् आणि आ असे चार सुटे ध्वनी आहेत, हे ओळखण्याची ही पायरी. भाषाशास्त्रात अशा सुट्या ध्वनींना स्वनिम म्हणतात. इंग्रजी माध्यमाच्या पालकांना परिचित असलेले ‘फोनिक्स’ याहून निराळे. तेथे ध्वनीची अक्षरचिन्हाशी सांगड घातली जाते, तर ध्वनिजाणिवेचा खेळ डोळे मिटूनही खेळता येतो.

संशोधन काय सांगते?

ही जाणीव केवळ वयाबरोबर येत नाही. पोर्तुगालमधील निरक्षर प्रौढांना शब्दाच्या आरंभीचा एखादा ध्वनी गाळणे वा जोडणे फार जड जाते, असे जोझे मोराईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९७९ मध्ये आढळले. इंग्लंडमध्ये लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी चार-पाच वर्षांच्या सुमारे ४०० मुलांचा अभ्यास करून १९८३ मध्ये निष्कर्ष मांडले. शाळेत येण्यापूर्वी ज्यांना शब्दांतील ध्वनींचे साम्य ओळखता येत होते, ती मुले पुढे वाचनात सरस ठरली. यातील ६५ मुलांच्या गटांना वेगवेगळे प्रशिक्षण दिले असता, ध्वनींच्या खेळाला प्लॅस्टिकच्या अक्षरांची जोड मिळालेला गट सर्वांत पुढे गेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन मंडळाच्या २००० सालच्या अहवालानेही याला दुजोरा दिला. एकूण ५ ते १८ तासांचे प्रशिक्षण त्याहून लांबलेल्या प्रशिक्षणापेक्षा अधिक परिणामकारक ठरले, असेही त्यात नमूद आहे.

देवनागरीचे वेगळेपण

हे बहुतांश संशोधन रोमन लिपीतील भाषांवरचे आहे. देवनागरीत एक अक्षर म्हणजे बहुधा व्यंजन आणि स्वर यांची जोडी. ‘का’ हे मुलाला एकच एकक वाटते. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांच्या वाचनावर २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आपल्यासारख्या अक्षरलिपीत सुट्या ध्वनींची जाण सावकाश येते, असे दिसून आले. म्हणून मराठीत सुरुवात टाळ्यांच्या खेळाने करणे सोयीचे. मात्र टाळ्या लेखनानुसार नव्हे, तर उच्चारानुसार वाजवाव्यात. ‘कमळ’ लिहिताना अक्षरे तीन असली, तरी बोलताना तो ‘क-मळ’ असा दोनच टाळ्यांचा शब्द आहे. लिहिते-वाचते मोठे माणूस येथे हमखास चुकते!

सुट्या ध्वनींची खरी गरज भासते ती काना-मात्रा आणि जोडाक्षरे आल्यावर. ‘कि’मधील वेलांटी ‘क’च्या आधी दिसते, पण उच्चार नंतर होतो. ‘आंबा’, ‘घंटा’ आणि ‘पंखा’ यांतील टिंब एकच, ध्वनी मात्र तीन. ‘चहा’ आणि ‘चंद्र’ यांतील ‘च’ सारखा नाही. ज्याचा कान तयार आहे, त्यालाच या गमती उलगडतात. इतरांना ते निव्वळ पाठांतर वाटते. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला तर ही जाण आणखी लवकर हवी. ‘कॅट’चे ‘कॅ’ आणि ‘ट’ असे दोनच तुकडे त्याने पाडले, तर तीन अक्षरी स्पेलिंगचा मेळ त्याला लागत नाही.

घरी काय करता येईल?

यासाठी महागड्या साधनांची गरज नाही. यमकांची बडबडगीते आणि भेंड्या हा आपला परंपरागत ठेवा आहेच. ‘काठी, काका, मासा’ यांत वेगळ्या आवाजाने सुरू होणारा शब्द कोणता, असे विचारावे. ‘गाजर’मधून ‘गा’ काढला तर काय उरेल? ‘माळ’चा पहिला ध्वनी बदलून ‘बाळ’ आणि ‘टाळ’ करता येतील का? रशियन मानसशास्त्रज्ञ दानिल एल्कोनिन यांची चौकटींची पद्धतही घरात सहज जमते. प्रत्येक ध्वनीसाठी एक चौकट आखायची आणि ध्वनी उच्चारत तीत चिंचोका सरकवायचा. ‘मासा’साठी चिंचोके चार. व्यंजन म्हणताना ‘म’ऐवजी तोकडा ‘म्’ म्हणावा. हे खेळ दिवसाला दहा मिनिटे पुरेत. अक्षरओळख सुरू होताच त्यांना अक्षरांची जोड द्यावी.

घरच्या बोलीत ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला हसू नये. ती चूक नव्हे, त्याची भाषा आहे. शाळेतला उच्चार तिच्या शेजारी ठेवावा. वारंवार कान दुखत असल्यास श्रवणतपासणी करून घ्यावी. सरावानंतरही अडचण टिकून राहिली, तर वाचन-अक्षमतेच्या शक्यतेसाठी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

ध्वनिजाणीव म्हणजे संपूर्ण वाचन नव्हे. गोष्टी, गप्पा आणि शब्दसंपत्ती यांवाचून अर्थ उमगत नाही. तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे उद्दिष्ट केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाने २०२१ मध्ये ठेवले. ते गाठायचे, तर मुलाच्या हाती पाटी देण्यापूर्वी त्याचा कान तयार करणे आवश्यक आहे.