थंडरबोल्टचा टर्बो: बर्मा आघाडीवरचं अवजड लढाऊ विमान

उंचावर हवा विरळ होते, मग इंजिनाचा जोर घटतो. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी पी-४७ थंडरबोल्ट विमानात यावर टर्बोचा तोडगा होता. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर चक्र फिरायचं, त्या जोरावर बाहेरची हवा दाबली जायची आणि थंड करून इंजिनात सोडली जायची. इंजिन रेडियल, म्हणजे गोलाकार मांडणीचं. १८ सिलिंडर, २,००० अश्वशक्ती. टर्बो वैमानिकाच्या मागे, शेपटीकडे असल्यानं लांब नळ्या लागल्या आणि विमानाचं पोट फुगलं.

१९४४ मध्ये बेंगळुरूजवळच्या येलहंका तळावर ब्रिटिश तुकड्यांना ही विमानं मिळाली. त्याच वर्षी ती बर्मात लढली. तिथं कामगिरी मुख्यतः जमिनीवरच्या माऱ्याची, म्हणजे कमी उंचीची. टर्बोपेक्षा कामी आलं ते हवेनं थंड होणारं इंजिन: गोळी लागून गळेल असा पाण्याचा रेडिएटरच त्यात नव्हता.