निघायची परवानगी

चंदीगडचा सेक्टर 29. गुरुवारची दुपार. साईमंदिरात माध्यान्ह आरती सुरू झाली आहे आणि तुम्ही दाटीत उभे आहात. पुढे पगडीवाले सरदारजी, बाजूला सलवार-कमीजमधल्या आजी, मागे कॉलेजची पोरं. टाळ वाजतोय. आजी हात जोडून, डोळे मिटून गाताहेत, आणि गाताहेत ते मराठी. उच्चारांना पंजाबी वळण आहे, पण एक ओळ चुकत नाही. आरतीची ही वही कृष्णशास्त्री भीष्मांनी सिद्ध केली. तुकोबा, नामदेव, जनाबाई यांच्या रचना तिच्यात आल्या, माधव आडकरांची आरती आली, दासगणू आले. काकड, माध्यान्ह, धूप, शेज असे दिवसाचे चार प्रहर तिने बांधून टाकले.

जिथे हे प्रहर एका माणसाभोवती फिरत होते तिथे चला.

साल 1911, डिसेंबरचा पहिला आठवडा. मागे वळून चंदीगड शोधू नका, ते अजून वसलेलं नाही. शिवालिकच्या पायथ्याशी खेडी आहेत, आमराया आहेत. तुम्ही अंबाल्याला गाडी धरता. दिल्लीत बादशहाच्या दरबारासाठी तंबूंचं शहर उभं राहिलंय. 12 तारखेला तिथे राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवल्याची घोषणा होईल. तुम्ही तिथे थांबत नाही. मनमाडला गाडी बदलून कोपरगावला उतरता. गोदावरी लागते, मग टांग्याचा धुळीचा रस्ता, आणि 6 डिसेंबरला तुम्ही शिर्डीत पोचता.

त्याच दिवशी आणखी एक पाहुणा आलाय. दादासाहेब खापर्डे, वय 57, अमरावतीचे नामांकित वकील. टिळकांचे उजवे हात. टिळक मंडालेच्या तुरुंगात आहेत, आणि त्यांच्या सुटकेची खटपट करायला खापर्डे 1908 ते 1910 विलायतेत राहून आलेत. बोलायला लागले की सभा जिंकणारा माणूस. इथे साईबाबांच्या मशिदीत मात्र ते गप्प बसतात. साईसच्चरितकार दाभोलकरांनी ही गोष्ट मुद्दाम नोंदवली आहे: मोठमोठे लोक बाबांपुढे बोलत, वाद घालत, खापर्डे, नूलकर आणि बुट्टी हे तिघे मौन धरत.

खापर्डे रोज रात्री इंग्रजीत डायरी लिहितात. तुम्हाला वाट दाखवायला तीच बरी आहे, कारण तिच्यात पाल्हाळ नाही. उठलो, प्रार्थना केली, काकड आरतीला गेलो, साई महाराज बाहेर जाताना पाहिले, परत येताना पाहिले, मशिदीत गेलो, जेवलो, थोडा पडलो, पोथी ऐकली, संध्याकाळी पुन्हा दर्शन, रात्री भीष्मांचं भजन आणि दीक्षितांचं रामायण. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. पहिले काही दिवस तुम्हाला वाटेल, यात काही घडतच नाहीये. थोडं थांबा.

पहाटेची थंडी कडक आहे. घोंगडी लपेटून तुम्ही चावडीकडे जाता. बाबा एक रात्र मशिदीत आणि एक रात्र चावडीत झोपतात, म्हणून काकड आरतीही त्याच हिशेबाने होते. रात्री चावडीत आरती करायची रीत सुरू होऊन आत्ता कुठे वर्ष झालंय, 10 डिसेंबर 1910 पासूनची. आरती संपते. कोणी हलत नाही. सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे असतं: आज बाबांचा चेहरा कसा आहे? नजर प्रसन्न आहे की मिटलेली? प्रसन्न असली तर दिवस सोन्याचा. खापर्ड्यांच्या डायरीत या नजरेच्या नोंदी इतक्या येतात, की एरवी बॅरिस्टरांना घाम फोडणारा हा माणूस एका फकिराच्या डोळ्यांकडे असा टक लावून बसतो याचं नवल वाटतं. मग तुम्हीही तसेच बसायला लागता आणि नवल ओसरतं.

आता मशिदीत या आणि भागोजी शिंदे काय करतो ते नीट पाहा. महारोगाने त्याची बोटं झडलेली आहेत. तो बाबांच्या हाताची पट्टी सोडतो. गेल्या साली दिवाळीत बाबांनी धुनीत हात घातला आणि तो भाजला. लोहाराचं पोर भट्टीत पडत होतं, त्याला वाचवायला घातला, असं गाव सांगतं. मुंबईहून डॉक्टर आणला तर बाबांनी त्याला हात लावू दिला नाही. हात भागोजीच्या स्वाधीन केला. भागोजी तूप चोळतो, पान ठेवतो, पट्टी घट्ट आवळतो. हे रोज, न चुकता. जखम कधीच भरून आलीय. तरी भागोजीची सेवा चालूच आहे आणि बाबांच्या अखेरीपर्यंत चालू राहणार आहे. ज्याला गावात कोणी शिवून घेत नाही, त्याच्या हातात इथे दिवसाची पहिली सेवा आहे. गुरुभक्तीचे ग्रंथ मी बरेच वाचले, पण ती समजली ती या पट्टीच्या तपशिलापाशी.

मग बाबा भिक्षेला निघतात. खांद्याला झोळी, हातात टमरेल. पाच ठरलेली घरं. भाकरी झोळीत, ताक-कालवण टमरेलात एकत्र. परत येऊन सगळं एका कुंडीत ओततात. त्यात कुत्री तोंड घालतात, कावळे बसतात, मशीद झाडणारी बाई भाकऱ्या उचलून नेते, कोणी कोणाला हाकलत नाही. उरलं त्यातलं बाबा खातात. दुपारी नैवेद्याची ताटं येतात, पंचपक्वान्नांची सुद्धा. एका दुपारी खापर्ड्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सांजा, पुरी, भात, वरण, खीर असं ताट घेऊन येतात, आणि एरवी ताटांकडे तासन्तास न पाहणारे बाबा झटकन उठून जेवायला बसतात. बाबांचा भक्त शामा तोंडाचा फटकळ. तो विचारतो, देवा, हा पक्षपात का? बाबा तिच्या मागच्या जन्मांची हकिकत सांगू लागतात. लक्ष्मीबाईंचा चेहरा पाहा. नवऱ्याच्या डायरीत तिच्यासाठी फारशी जागा नाही, पण सेवेचं सुख तिने त्याच्यापेक्षा जास्त चाखलं, असं मला वाटतं. तो चार महिन्यांच्या आत परतला. ती सात महिने राहिली.

दुपारी दीक्षितवाड्यात पोथी चालते. काकासाहेब दीक्षित मुंबईचे सॉलिसिटर. इथे वाडा बांधून राहिलेत. उपासनीशास्त्री येऊन बसतात, जूनपासून ते शिर्डीत आहेत. पंचदशी निघते, परमामृत निघतं. बाळासाहेब भाटे कोपऱ्यात बसलेत. हे कोपरगावचे मामलेदार होते, बाबांची टिंगल करणारे. एकदा दर्शनाला आले आणि परत गेलेच नाहीत. नोकरी सुटली, पुढे दीक्षितांनी खटपट करून पेन्शन मिळवून दिली. इथे कोणी कोणाला दीक्षा देत नाही, कानात मंत्र फुंकत नाही, नियमांची पाटी नाही, आश्रम असं नावही नाही. तरी जगातल्या कुठल्याही आश्रमात जे चालतं ते सगळं इथे चालू आहे: वेळेवर उठणं, एकाच्या सोयीने सगळ्यांनी वागणं, सेवेवरून रुसवेफुगवे, आणि घरच्या पत्रांची ओढ.

आणि परवानगी. शिर्डीतून बाबांच्या आज्ञेशिवाय निघायचं नाही. खापर्ड्यांचा धंदा अमरावतीला खोळंबलाय, पैसा येत नाही. निघायचा विषय निघतो आणि मागे पडतो. आज नको, उद्या बघू. तुम्हालाही एव्हाना घरची आठवण येऊ लागली असेल. इथे एक प्रश्न मनात आल्यावाचून राहणार नाही, आणि तो दडपू नका. इतका अधिकार एका माणसाच्या हाती द्यावा का? आपण गेल्या काही वर्षांत असा अधिकार हातात आलेल्यांचं काय होतं ते पाहिलंय, पोलीस ठाण्यांत आणि कोर्टांत पाहिलंय. मी उत्तर मशिदीतच शोधतो. हा माणूस दक्षिणा मागतो, हट्टाने मागतो, आणि संध्याकाळपर्यंत वाटून मोकळा होतो. अंगात फाटकी कफनी, उशाला वीट, पोटाला पाच घरची भाकरी. चिडतो, शिव्या देतो, सटका आपटतो, पण कोणाच्या शेतावर, घरावर, बायकामुलांवर त्याची नजर नाही. ज्याच्यापुढे डोकं ठेवायचं त्याच्या ताटात काय आहे आणि रात्री त्याच्या खिशात काय उरतं, एवढं रोज डोळ्यांनी दिसत असेल, तरच अशी शरणागती द्यावी. शिर्डीत ते दिसत होतं. ती मशीद सगळ्यांना उघडी होती.

जानेवारी उजाडतो. आरती मेघा करतो. गुजराती ब्राह्मण, साठे नावाच्या भक्ताचा आचारी. आधी त्याला इथे यायचंच नव्हतं, मुसलमानाला नमस्कार कसा करू म्हणून अडून बसला होता. आता बाबा हेच त्याचे शंकर. आधी गावातल्या सगळ्या देवांची पूजा, मग मशीद. एकदा खंडोबाचं दार बंद म्हणून तो तसाच आला, तर बाबांनी पूजा घेतली नाही. परत जा, दार उघडलंय, म्हणाले. खरंच उघडलेलं होतं. एका संक्रांतीला त्याने बाबांना स्नान घालायचं ठरवलं आणि त्यासाठी मैलोगणती पायपीट करून नदीचं पाणी आणलं. तो आरतीला उभा राहतो तो एका पायावर, संपेपर्यंत. तुम्ही पाहता तेव्हा तो पाय थरथरतोय. तो आजारी आहे.

19 जानेवारी 1912. पहाटे मेघा गेला. काकड आरती होते, पण बाबा नीट तोंड दाखवत नाहीत, डोळे उघडत नाहीत. मग ते स्वतः येतात, प्रेतावरून हात फिरवतात, फुलं वाहतात, आणि मोठ्याने रडतात. सगळा गाव स्मशानाकडे निघतो, बाबाही प्रेतामागून जातात. तुम्ही इतके दिवस शिष्यांना गुरूच्या चेहऱ्याकडे पाहत बसलेलं पाहिलंत. आज गुरू एका आचाऱ्यासाठी हुंदके देतोय. तेराव्याचं ब्राह्मणभोजन आपल्या खर्चाने घालायला बाबा सांगतात, आणि दीक्षित ते पार पाडतात. आणि आरती? ती त्या दिवशीही चुकत नाही. पुढे ते ताट बापूसाहेब जोगांच्या हाती येतं, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, आणि बाबांच्या देहाबरोबरच त्यांची ती पाळी संपते.

फेब्रुवारी भराभर जातो. चावडीची मिरवणूक तेवढी डोळे भरून पाहून घ्या. संध्याकाळी टाळ-मृदंग जमतात, बाबा उठत नाहीत. तात्या पाटील येऊन काखेत हात घालून त्यांना उठवतो. एका बाजूला तात्या, एका बाजूला म्हाळसापती, वर छत्री, पुढे श्यामकर्ण घोडा सजवलेला. चावडीत बाबा आपला बिछाना आपणच घालतात, पांढऱ्या चादरी एकावर एक, पन्नास-साठ. मग तात्याला सांगतात, जायचं तर जा, पण रात्री अधूनमधून येऊन विचारपूस कर. देव म्हणून ज्याची आत्ताच आरती झाली, त्याला रात्री कोणीतरी हाक मारायला हवंय. एवढं ऐकायला मिळालं तरी मुक्काम सार्थकी लागला.

15 मार्चला खापर्ड्यांना परवानगी मिळते. त्यांचा टांगा कोपरगावच्या वाटेला लागतो. ते पुन्हा येतील, 1917 च्या मे महिन्यात तर टिळकांना सोबत घेऊन येतील, पण इतका दीर्घ मुक्काम पुन्हा घडणार नाही. उपासनीशास्त्री पुढे जवळच साकोरीला आश्रम थाटतील आणि तिथे कन्यांना वेदपठणाचा आणि यज्ञाचा अधिकार देतील. शिर्डीच्या या वेळापत्रकाला तिथे रीतसर आश्रमाचं रूप येईल. 15 ऑक्टोबर 1918 ला, विजयादशमीच्या दुपारी, बाबा देह ठेवतील. त्याआधी खिशातून काढून लक्ष्मीबाई शिंदे या भक्तिणीच्या हातावर आधी पाच आणि मग चार, असे नऊ रुपये ठेवतील. मागे गादीवर कोणाला नेमणार नाहीत.

तुम्हालाही आता निघायला हरकत नाही. पण घरी पोचल्यावर एक काम करा. खापर्ड्यांची शिर्डी डायरी मिळवून वाचा, रोज एकाच तारखेची नोंद, 6 डिसेंबरपासून 15 मार्चपर्यंत त्या-त्या दिवशी. चमत्कार शोधायला जाऊ नका. उठले किती वाजता, पोथी कुठली लागली, मशिदीत कोण कोण होतं, एवढंच वाचत जा. आणि पुढल्या वेळी शिर्डीला गेलात तर समाधीच्या रांगेतून बाहेर पडून परतीची बस गाठण्याआधी एक संपूर्ण दिवस काढा. काकड आरतीपासून शेजारतीपर्यंत तिथेच राहा.